हुर्राक फक्त उन्हाळ्यातच का मिळते? फेणीपेक्षा ती ‘हलकी’ खरंच असते का?

मार्च उजाडला की गोव्यातल्या बारबाहेर ‘हुर्राक मिळेल’ अशा पाट्या लागतात आणि जूनच्या पावसासोबत त्या उतरतात. गेल्या काही वर्षांत पर्यटकांच्या रील्समुळे हे पेय महाराष्ट्रातही चर्चेत आलंय. पण वर्षभर ते का मिळत नाही?

बोंडूचं गणित

काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं. त्याचा बोंडू साधारण फेब्रुवारी ते मे या काळात पिकतो. दारूसाठी तो झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलाच वेचतात. तो लगेच नासू लागतो, त्यामुळे साठवून ठेवता येत नाही. बोंडू संपले की भट्टी बंद!

हुर्राक आणि फेणीत फरक काय?

बिया काढून बोंडू तुडवतात किंवा यंत्राने चिरडतात. रस काही दिवस आंबवतात. पारंपरिक पद्धतीत वरून साखर किंवा यीस्ट घालत नाहीत. हा रस भट्टीवर एकदा गाळला की हुर्राक तयार होते. त्यात अल्कोहोल साधारण 15 टक्के असतं. हुर्राक पुन्हा भट्टीवर चढवली की फेणी होते, ती साधारण 42 ते 45 टक्क्यांची. फेणी वर्षानुवर्षे टिकते. हुर्राकची ताजी चव मात्र हंगामापुरतीच.

काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. 2016 मध्ये गोवा सरकारने फेणीला ‘वारसा पेय’ म्हणून मान्यता दिली.

ग्लासात काय काय पडतं?

गोव्याची नेहमीची पद्धत साधी: हुर्राक, लिंबू-सोडा किंवा लिंबाचं शीतपेय, मीठ, बर्फ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. आता बारटेंडर कोकम आगळ, आलं, कैरी असे स्थानिक जिन्नसही वापरतात. पणजीच्या फोंतेन्यासमधल्या जोसेफ बारचं फेणी-कोकमाचं ‘तांबडे रोझा’ तर पर्यटकांच्या यादीत हमखास असतं.

मग धोका कुठे?

खरी गफलत इथेच होते. हुर्राक ‘ज्यूससारखी’ लागते म्हणून ग्लास मोठा भरला जातो. हिशेब करून पाहा: 180 मिली हुर्राकमध्ये शुद्ध अल्कोहोल 27 मिली. 60 मिली फेणीत ते 25 ते 27 मिली. म्हणजे हुर्राकचा एक उंच ग्लास आणि फेणीचा लार्ज पेग जवळपास सारखेच. लिंबू-मिठाने चव झाकली जाते, अल्कोहोल कमी होत नाही. त्यात कडक ऊन आणि भाड्याची स्कूटर. ‘एकच ग्लास घेतलाय’ म्हणत किल्ली फिरवू नका.

बाटली घरी आणता येईल?

परवान्याशिवाय नाही. गोव्यातली दारू महाराष्ट्रात आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. सिंधुदुर्गात इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. ‘घरगुती आहे’ किंवा ‘पाण्याच्या बाटलीत आहे’ हे कारण चालत नाही. उलट, लेबल नसलेल्या बाटलीत नेमकं काय आहे, हे तुम्हालाही ठाऊक नसतं.

थोडक्यात, हुर्राकची मजा तिथे आणि त्याच हंगामात. दारू प्यायची नसेल, तर बोंडूचा ताजा, न आंबवलेला ‘नीरो’ मागा. तोही याच दिवसांत मिळतो आणि त्यानंतर गाडीही चालवता येते.

(मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे.)