यंत्राची ओळख

एखादी वस्तू हातात आली, की ती फोन आहे की टॅबलेट, हे लहान मूलही तिच्या आकारावरून सांगू शकते. यंत्राला मात्र स्वतःचा आकार दिसत नाही. आपण कोण व केवढे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. आणि जे सांगितले जाईल, तेच ते खरे मानते.

पुष्कळशा फोनांचा व टॅबलेटांचा कारभार अँड्रॉइड ही ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. यंत्र तयार करताना निर्माता तिच्यात 'बिल्ड डॉट प्रॉप' नावाची साध्या मजकुराची फाइल ठेवतो. यंत्राचे नाव काय, ते टॅबलेट आहे की घड्याळ, अशा नोंदी तीत असतात. यंत्र सुरू होताना त्या वाचल्या जातात आणि पुढे त्यांतील बऱ्याचशा पालटता येत नाहीत.

अशीच एक महत्त्वाची नोंद पडद्याच्या घनतेची होय. पडदा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. त्यांना पिक्सेल म्हणतात. एका इंचात ते किती दाटीने बसविले आहेत, हे घनतेवरून समजते. नुसते पिक्सेल मोजून पडद्याचा आकार कळत नाही. २०१३ साली गूगलने विक्रीस आणलेल्या नेक्सस ५ या फोनच्या पडद्याची रुंदी १०८० पिक्सेल होती, तर नेक्सस ७ या टॅबलेटची १२००. हा फरक थोडा. परंतु फोनचा पडदा सुमारे ५ इंची आणि टॅबलेटचा ७ इंची होता. फोनमध्ये घनता ४८० अशी नोंदलेली होती, टॅबलेटमध्ये ३२०.

अँड्रॉइडने १६० ही घनता मूळ माप मानली आहे. ४८० ही तिची तिप्पट. म्हणून १०८० ला ३ ने भागले, की ३६० येतात. ३२० ही दुप्पट. म्हणून १२०० ला २ ने भागले, की ६०० येतात. २०११ सालच्या ३.२ या आवृत्तीपासून ॲप तयार करणाऱ्यांना या आकड्यावरून मांडणी ठरविता येऊ लागली. तो ६०० वा अधिक असला, तर पडदा मोठा समजून यादी आणि मजकूर शेजारी शेजारी दाखविण्याची पद्धत आहे.

आता टॅबलेटमध्ये चुकून ४८० लिहिले गेले, तर भागाकार ४०० येईल आणि ते यंत्र फोनसारखे वागू लागेल. याउलटही घडते. २०१६ सालच्या ७.० या आवृत्तीपासून विकसकांसाठी असलेल्या सेटिंगमध्ये हा आकडा बदलण्याची सोय झाली. फोनवर तेथे ६०० लिहिले, की मांडणी टॅबलेटची होते; पण काच मात्र तेवढीच राहते. अक्षरे इतकी बारीक होतात, की मंद दृष्टीच्या माणसाला ती वाचवत नाहीत.

यंत्र आज्ञाधारक असते. खरेखोटे तपासणे त्याचे काम नव्हे. ते काम आकडा लिहिणाऱ्या माणसाचेच होय.