गृहकर्ज विमा आणि मूल्यांकनकारांची पात्रता

अमेरिकेत १९३४ च्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्यान्वये ‘फेडरल हाऊसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ची स्थापना झाली. ही संस्था स्वतः कर्ज देत नाही. बँकांनी दिलेल्या गृहकर्जाचा विमा उतरविते. त्यामुळे पात्र कर्जदारास घराच्या किमतीच्या केवळ ३.५ टक्के रक्कम स्वतः भरून घर घेता येते. मात्र घराचे मूल्यांकन फुगविलेले असल्यास कर्जदारावर घराच्या खऱ्या किमतीहून अधिक कर्जाचा बोजा पडतो आणि कर्ज बुडाल्यास हानी विमा निधीला सोसावी लागते.

बचत व कर्ज संस्था मोठ्या संख्येने कोसळल्यानंतर १९८९ च्या कायद्याने मूल्यांकनकारांना राज्यांचा परवाना अथवा प्रमाणपत्र देण्याची चौकट निर्माण केली. प्रमाणपत्रासाठीचे किमान निकष ‘अप्रेझल फाउंडेशन’चे पात्रता मंडळ ठरविते. २००८ च्या गृहनिर्माण कायद्याने एफएचएसाठी पुढचे पाऊल उचलले. केवळ परवाना अपुरा ठरवून प्रमाणित दर्जा व एफएचएच्या मूल्यांकन नियमांचे ज्ञान आवश्यक केले गेले. मूल्यासोबतच घराची सुरक्षितता व आरोग्यविषयक किमान मानके पाहणे, हेही या मूल्यांकनकाराचे काम असते.

कठोर निकषांची दुसरी बाजूही आहे. अनुभवासाठी सहसा ज्येष्ठाच्या देखरेखीखाली काम करावे लागते. अशी संधी नवोदितांना सहज मिळत नाही. म्हणून २०१८ मध्ये प्रमाणित निवासी मूल्यांकनकारासाठी अनुभवाची अट २,५०० तासांवरून १,५०० तासांवर आणली गेली. २०० तासांचे शिक्षण मात्र कायम राहिले. गुणवत्ता राखतानाच मनुष्यबळाची उपलब्धता टिकविणे, हाच या धोरणाचा कस आहे.