अनेकांचा खेळ आणि त्यांतील न्याय

संगणकाच्या ब्राउझरवर तुमच्यापैकीं पुष्कळ जण असे खेळ खेळतात कीं, ज्यांत देशोदेशींचे अनोळखी गडी एकाच वेळीं एका मैदानांत उतरलेले असतात. असा खेळ रचणाऱ्यापुढें सर्वांत कठीण प्रश्न चित्रांचा नसून न्यायाचा असतो. तो कसा, हें एका उदाहरणानें पाहूं.

ब्राझील देशांतील माथेउस वालादारेस या १९ वर्षांच्या तरुणानें २०१५ सालीं ‘अगार डॉट आयओ’ हा खेळ लोकांपुढें आणिला. प्रयोगशाळेंत जंतु वाढविण्यासाठीं जो अगार वापरतात, त्यावरून हें नांव पडलें. प्रत्येक गडी म्हणजे एक वाटोळी पेशी. तिनें विखुरलेले कण खाऊन वाढावें, आपणाहून लहान पेशी गिळाव्या आणि मोठ्यांपासून जीव वांचवावा.

आतां एवढाच नियम ठेविला, तर जो प्रथम मोठा झाला तोच सर्वांना गिळीत सुटेल. मागाहून येणाऱ्यास आशा उरणार नाहीं, आणि निराश झालेला गडी खेळ सोडून जातो. शेवटीं विजेता रिकाम्या मैदानांत एकटाच राहील! म्हणून कर्त्यानें मोठेपणाबरोबर त्याचें ओझेंही जोडून दिलें. पेशी जसजशी वाढते तसतशी ती मंदावते. शिवाय तिची झीज सतत चालू असते, व जितका आकार मोठा तितकी झीज अधिक. पळणारें सावज धरण्यासाठीं तिला आपले दोन भाग करून एक पुढें फेंकतां येतो. परंतु प्रत्येक भाग निम्माच असल्यामुळें तो दुसऱ्याच्या तोंडीं पडण्याचें भय असतें, आणि पुन्हां एक होण्यास कांहीं काळ जावा लागतो. मैदानांत कांटेरी हिरवे ‘विषाणू’ही असतात. लहान पेशी त्यांच्या आड लपते. मोठी पेशी त्यांवर आदळली, तर तिचे १६ पर्यंत तुकडे होतात.

दुसरी गोष्ट पंचाची. प्रत्येकाचा संगणकच ‘मी जिंकलों’ असें सांगूं लागला, तर लबाडीस आळा कोण घालील? यासाठीं गड्याचा संगणक आपणास कोणीकडे जावयाचें तेवढेंच कळवितो. कोण कोठें आहे व कोणी कोणास गिळलें, याचा निवाडा सर्व्हर म्हणून जो मुख्य संगणक असतो, तो करितो.

तरीही काम संपत नाहीं. या खेळांत आपला कांहीं अंश बाहेर टाकून दुसऱ्यास देतां येतो. त्याचा लाभ घेऊन कित्येक गडी संगनमत करूं लागले, व एकट्यानें खेळणारा भरडला जाऊं लागला. कोणताही नियम खऱ्या गड्यांच्या हातीं पडल्यावांचून त्याची परीक्षा होत नाहीं. म्हणून जाणता कर्ता एका वेळीं एकच प्रमाण किंचित् बदलतो, परिणाम पाहतो, व मगच पुढचें पाऊल टाकितो.

अंगणांतील खेळांत तुम्ही धाकट्या भावास ‘लिंबूटिंबू’ म्हणून सवलत देतां, ती याच हेतूनें. पालकांनीं मुलांना एवढेंच विचारावें : तुमच्या खेळांत आज नवा आलेला गडी किती वेळ टिकतो? या उत्तरावरून त्या खेळाची योग्यता पुष्कळशी कळेल.