माहेरचं पाणी, सासरचं पाणी

माझं माहेर कोल्हापूर, सासर इचलकरंजी. अंतर जेमतेम तीसेक किलोमीटर. पण माहेरी तीन शिट्ट्यांत शिजणारी तूरडाळ इथे पाच शिट्ट्या झाल्या तरी कणीदारच! नव्या नवरीची फजितीच ती. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, दोष तुझा नाही, बोअरच्या पाण्याचा. डाळीला नळाचं घे."

गेल्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीला मी तीन बाटल्या नेल्या. एकीत कोल्हापूरच्या नळाचं पाणी, दुसरीत आमच्या नळाचं, तिसरीत बोअरचं. प्रत्येकीत साबणाचा सारखाच चुरा टाकून हलवलं. दोन्ही नळांच्या पाण्याला छान फेस आला. बोअरच्या पाण्यात मात्र फाटलेल्या दुधासारखा साका!

कारण सोपं आहे. जमिनीत मुरलेलं पाणी खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं, म्हणून ते जड होतं. आमच्या नळाला नदीचं पाणी येतं. कोल्हापूरला 2023 च्या दिवाळीपासून काळम्मावाडी धरणाचंही येतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालतो.

"म्हणजे फेस आला की पाणी चांगलं ना हो ताई?" एकीनं विचारलं. मी गप्पच झाले.

2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. आमच्या शेजारची सून तेव्हा सहा महिन्यांची गरोदर. त्यांच्या घरी नळाचंच पाणी, दिसायला नितळ, साबणाला भरपूर फेस. पोर कशीबशी वाचली, बाळ मात्र गेलं. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरणारी 'ई' प्रकारची कावीळ गरोदर बाईला फार घातक असते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मैत्रिणींनो, जडपणा म्हणजे रोग नव्हे. त्यानं डाळ रुसते, बादलीवर पांढरे डाग पडतात, साबण जास्त लागतो, एवढंच. ते डाग व्हिनेगरनं निघतात. रोगजंतू मात्र डोळ्यांना दिसत नाहीत आणि फेसावरूनही कळत नाहीत. म्हणून पिण्याचं पाणी गाळून खळखळून उकळा, झाकून ठेवा, ओगराळ्यानंच काढा. नळाला वास आला, गढूळ आलं, तर चौघी मिळून लेखी तक्रार द्या आणि पाणी तपासून मागा.

ती शेजारीण आजही पातेल्याला उकळी फुटेपर्यंत गॅससमोरून हलत नाही.