मिरजेचा संगीतवर्ग

जुन्या संस्थानी गावाच्या मध्यभागी, नगरवाचनालयाच्या माडीवर किंवा एखाद्या देवस्थानाच्या ओवरीत, दिवेलागणीच्या सुमारास जो संगीताचा वर्ग भरतो, त्याकडे रस्त्याने जाणाऱ्याचे सहसा लक्ष जात नाही. परंतु त्या गावाचे कलाजीवन ज्या पायावर उभे असते तो पाया हा वर्गच होय, असे माझे दीर्घ निरीक्षणाअंती बनलेले मत आहे. नाट्यगृह बांधले म्हणजे गावात कला आली, असा समज आपल्याकडे नगरपालिकांच्या ठरावांतून आणि देणगीदारांच्या सत्कारांतून रूढ झालेला आहे. वास्तविक क्रम उलटा असतो. आधी शिकवणारा येतो, त्याच्याभोवती शिकणारे जमतात, शिकणाऱ्यांच्या घरची माणसे ऐकू लागतात, आणि ऐकणारे ओवरीत मावेनासे झाले म्हणजे मग वास्तूची गरज उत्पन्न होते. हा क्रम शंभराहून अधिक वर्षे चालत आल्यामुळे जिथे तो नीट तपासून पाहता येतो, असे एक गाव म्हणजे मिरज. आज ते सांगली आणि कुपवाड यांच्यासह एका महानगरपालिकेच्या हद्दीत असले, तरी त्याची वहिवाट अजून जुन्या कसब्याचीच आहे.

ग्वाल्हेरची ख्यालगायकी उत्तरेत जाऊन, अपार कष्ट सोसून संपादन करणारे आणि ती महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) हे पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने काही काळ मिरजेत राहिले. त्यांच्यापाशी शिकायला आलेल्या मुलांत कुरुंदवाडचा एक मुलगा होता. फटाक्याच्या दारूने त्याची दृष्टी अधू झाली होती, शाळेचे शिक्षण पुढे चालणे अशक्य झाले होते, आणि म्हणून तो गाण्याकडे वळवला गेला होता. हे विष्णु दिगंबर पलुसकर. गुरुगृही राहावे, पडेल ते काम करावे, गुरूची मर्जी असेल तेव्हा शिकावे आणि शिकलेले इतरांपासून जपावे, ही त्या काळची विद्याग्रहणाची रीत होती. ती रीत पलुसकरांनी निष्ठेने पाळली आणि तिची मर्यादाही जाणली. १८९६ साली मिरज सोडून ते बाहेर पडले, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. संस्थानिकाच्या नेमणुकीवर विसंबून न राहता लोकांच्या वर्गणीवर, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर आणि जाहीर जलशांच्या उत्पन्नावर चालणारी, ठरलेल्या वेळेला भरणारी, छापील क्रमिक पुस्तके आणि स्वरलेखन वापरणारी ही संगीताची शाळा होती. गृहस्थाश्रमी कुटुंबातील मुलामुलींनी उघडपणे, लाज न बाळगता गाणे शिकावे ही गोष्ट त्या काळी किती दुष्कर होती हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच या योजनेचे धाडस कळेल. १९३१ च्या ऑगस्टमध्ये पलुसकर मिरजेतच निवर्तले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. या अखिल भारतीय मंडळाच्या दफ्तराचा मिरजेशी निकटचा संबंध आहे, आणि आपल्या तालुक्यातालुक्यांत चालणारे असंख्य संगीतवर्ग आजही त्याच्याच परीक्षांच्या चौकटीत चालतात.

ही चौकट समजून घेणे आवश्यक आहे, कारण पालक मुलाला वर्गात घालतात तेव्हा तिचा अर्थ त्यांना बहुधा कोणी सांगत नाही. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, त्यानंतर विशारद आणि अखेरीस अलंकार, अशा पायऱ्या चढत जाव्या लागतात. गायन, वादन आणि नृत्य या तिन्ही शाखांना ही शिडी लागू आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतात, आणि शिकवणाऱ्याने स्वतःच्या विद्यार्थ्याला गुण देऊ नयेत म्हणून परीक्षक बाहेरगावाहून येतात. पहिल्या पायरीवर स्वरांचे अलंकार म्हणजे पलटे, भूप, दुर्गा, काफी यांसारख्या रागांतील छोट्या बंदिशी आणि त्रिताल किंवा दादरा हातावर टाळी-खाली धरून म्हणून दाखवणे एवढेच असते. वरच्या पायऱ्यांवर विलंबित ख्याल येतो, लेखी पत्रिका येतात, रागांचे वर्गीकरण आणि घराण्यांचा इतिहास येतो. अलीकडे अशा मान्यताप्राप्त परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यामुळे वर्गांत गर्दी होते आणि दहावीचा निकाल लागला की ती ओसरते. याबद्दल पुष्कळ शिक्षक खेद करतात. मला तसा खेद वाटत नाही. गुणांच्या निमित्ताने का होईना, ज्या मुलीने चार वर्षे भूप आणि दुर्गा घोटला, ती पुढे गायिका झाली नाही तरी एक कान तयार झालेला असतो. आणि श्रोते तयार करणे हेच अशा वर्गाचे मुख्य कार्य आहे, गवई निपजणे हा योगायोगाचा भाग आहे.

वर्गाच्या प्रत्यक्ष एका तासात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. सतरंजीवर आठ-दहा मुले मांडी घालून बसलेली असतात. त्यांत पाचवीतला मुलगा असतो तशी नुकतीच सेवानिवृत्त झालेली शिक्षिकाही असते, कारण प्रारंभिकाला वयाची अट आड येत नाही. पहिली दहा मिनिटे केवळ षड्ज लावण्यात जातात. नवी मुलगी भीतीने आवाज चढवते, आणि बाई मधेच थांबवून म्हणतात, ‘‘घाई नको गं. तंबोऱ्यात बघ सा कुठं आहे तो, आणि मग त्याच्यात मिसळ.’’ हे तंबोऱ्यात बघणे साधले नाही तर पुढील सर्व शिक्षण हवेत उभे राहते. खेदाची गोष्ट अशी की, आज बहुतेक वर्गांत तंबोऱ्याच्या जागी विजेवर चालणारी पेटी किंवा भ्रमणध्वनीतील तानपुरा आलेला आहे. त्याची सोय मी नाकारीत नाही; लहान गावात एक चांगला तंबोरा विकत घेणे, तो सांभाळणे आणि लावता येणे ही तिन्ही कामे अवघड आहेत. तथापि चार तारा छेडल्यानंतर त्यांच्या गुंजनातून, न छेडलेला गंधार ज्या रीतीने कानावर येतो, तो अनुभव विद्यार्थ्याला एकदा तरी प्रत्यक्ष वाद्यापाशी बसूनच घ्यावा लागतो.

मिरजेचे भाग्य असे की, तंबोरा जिथे जन्मतो ती गल्ली वर्गापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शस्त्रे घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांकडे, शस्त्रांची मागणी सरत चालली त्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, गवयांची वाद्ये दुरुस्तीला येऊ लागली; त्यातून फरीदसाहेबांच्या पिढीने सतार आणि तंबोरे स्वतंत्रपणे घडवण्यास आरंभ केला, आणि पुढे त्या घराण्यांचे आडनावच सतारमेकर झाले. भीमाकाठचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा त्यासाठी आणला जातो. तो वाळवून ठेवतात, काम काढायचे तेव्हा पाण्यात भिजवून कापतात, आतला गर खरवडून काढतात आणि तोंडाचा आकार सुटू नये म्हणून आत काठ्यांचा ताण देऊन पुन्हा वाळू देतात. दांडी आणि तबली तुणाच्या लाकडाची. ही सर्व कष्टाची कामे होत; परंतु वाद्याचा जीव असतो तो जवारीत. घोडीच्या पृष्ठभागाला कानसेने इतका सूक्ष्म उतार द्यावा लागतो की, तार तिला एका बिंदूवर न टेकता, कंप पावताना हळूहळू स्पर्श करीत जाईल. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत कारागीर अशा जागी आणतो की, आवाज एकाएकी फुलतो. यासाठी कोणतेही माप नाही. कारागीर घासतो, तार चढवतो, ऐकतो, उतरवतो आणि पुन्हा घासतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची वार्ता होय. परंतु घोडी घासणाऱ्या या हातांना शिष्य मिळाले नाहीत तर मानांकनाचा कागद एकटा काय करील, ही चिंताही रास्तच आहे. गावातील संगीतवर्गांनी आपले विद्यार्थी वर्षातून एकदा तरी या कारागिरांच्या पेढीवर नेऊन बसवावेत, असे मी सुचवतो.

आता उत्सवांकडे वळू. किराणा घराण्याचे अध्वर्यू खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी मिरजेला आपले घर मानले. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची निस्सीम श्रद्धा होती, उरुसात ते तेथील चिंचेच्या झाडाखाली हजेरी लावीत, आणि मद्रासकडील प्रवासात एका लहानशा रेल्वे स्थानकावर देह ठेवल्यानंतर त्यांचे दफनही याच दर्ग्याच्या आवारात झाले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात दरवर्षी संगीतसभा भरते. याच उरुसात कबरीवर चढवायच्या पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा असतो, ही गोष्ट मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. कारण ज्या सोहळ्यात मान असा वाटलेला आहे, त्याच सोहळ्यातील गाण्यालाही तिकीट नाही आणि आमंत्रणपत्रिका नाही. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात भरणाऱ्या संगीतमहोत्सवाचीही तीच रीत आहे. नामवंत गवई येथे बिदागीचा फारसा विचार न करता हजेरी लावतात, कारण समोर बसलेल्या समुदायात हमाल आहे, वैद्य आहे, भाजी विकून थेट आलेली बाई आहे, आणि तरीही विलंबित ख्यालाच्या समेवर मान एकदम हलते. हे सामुदायिक मान हलवणे एका रात्रीत येत नाही. वर्गातल्या मुलाने घरी येऊन ताल धरलेला आईने पाहिलेला असतो; तीच आई नवरात्रात पुढे बसते.

रेल्वेचाही या घडणीत वाटा आहे. पुण्याहून धारवाड-हुबळीकडे जाणाऱ्या मार्गावर मिरज हे जंक्शन, कोल्हापूरचा फाटा येथूनच फुटतो, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारी बार्शी लाइटची अरुंद गाडीही येथेच येऊन थांबे. उत्तर कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या गवयांना आणि नाटकमंडळ्यांना येथे मुक्काम सोयीचा पडे. वानलेस यांच्या मिशन इस्पितळामुळे उपचारासाठी येणाऱ्यांचीही रीघ असे. कानाच्या उपचारासाठी मिरजेस आलेल्या नारायण राजहंस या, पुढे बालगंधर्व म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलाचा किर्लोस्कर नाटक मंडळीशी योग जुळला, आणि १९०५ साली येथील हंसप्रभा थिएटरात त्याने शकुंतलेच्या भूमिकेत पदार्पण केले. त्याच जागी आज बालगंधर्व नाट्यगृह उभे आहे.

वास्तूचा विषय निघालाच आहे म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात लहान गावांतून जी नाट्यगृहे, कलामंदिरे आणि रवींद्रभवने उभी आहेत, त्यांचे सभागृह महिन्यातील बऱ्याच संध्याकाळी रिकामे असते, आणि त्याच वेळी दोन गल्ल्या पलीकडे संगीतशिक्षिका आपल्या घराच्या पुढल्या खोलीत, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून खिडक्या लावून वर्ग घेत असते. तालमीच्या खोल्या नाममात्र भाड्याने गायन, तबला, कथ्थक, चित्रकला आणि नाट्यशिबिरे यांच्या वर्गांना नियमाने देण्याचा ठराव कोणत्याही नगरपालिकेला करता येण्यासारखा आहे, आणि त्यासाठी स्वतंत्र निधी लागत नाही. त्या खोलीत मर्दानी आणि जनानी अशा दोन तंबोऱ्यांची जोडी, एक तबल्याची जोडी आणि एक बरी संवादिनी एवढा सरंजाम असावा. वर्षातून दोनदा, परीक्षांच्या आधी, मिरजेहून कारागीर बोलावून जवारी काढून घेण्याची तजवीज अंदाजपत्रकातच करून ठेवावी. आणि महिन्याच्या अखेरच्या शनिवारी वर्गातील मुलांनी तेथेच, ध्वनिवर्धकाशिवाय, आपल्या घरच्या माणसांपुढे एकेक राग गाऊन दाखवावा. परीक्षक आणि प्रमाणपत्र यांची त्या संध्याकाळी आवश्यकता नसते, एका बाजूला तंबोरा धरायला मोठ्या वर्गातली मुलगी बसली म्हणजे पुरते.