विश्लेषण : ‘बाळ पेटीत ठेवलंय’ म्हणजे नेमकं काय? नवजात कक्षात रात्री निर्णय कोण घेतं?

सरकारी रुग्णालयात नवजात बालकं दगावल्याची बातमी आली की काही दिवस राज्यभर चर्चा होते. ९ जानेवारी २०२१ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बालकांचा मृत्यू झाला, तेव्हा फायर ऑडिटची चर्चा झाली. ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात होते. तेव्हा औषधांचा साठा, खाटा आणि खरेदी यावर बोललं गेलं. हे सगळं आवश्यकच होतं. पण अशा कक्षात रोज रात्री प्रत्यक्ष काम कोण करतं, हा प्रश्न सहसा मागे राहतो. वैद्यकीय महाविद्यालयांत या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, एमडीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाला असलेला निवासी डॉक्टर. वय साधारण पंचवीस ते अठ्ठावीस. त्याचं किंवा तिचं काम कसं चालतं आणि ड्युटीच्या तासांचा वाद इथे इतका गंभीर का ठरतो, ते समजून घेऊ.

एसएनसीयू आणि एनआयसीयू म्हणजे काय?

घरच्यांच्या भाषेत ‘बाळ पेटीत ठेवलंय’. प्रत्यक्षात सरकारी कक्षांत काचेची बंद पेटी कमी आणि उघडे वॉर्मर जास्त असतात. वॉर्मर म्हणजे वरून उष्णता देणारी खाट. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या रचनेत नवजात उपचारांच्या तीन पायऱ्या आहेत. प्रसूती होते तिथे नवजात कोपरा, त्यावर स्थिरीकरण कक्ष आणि जिल्हा रुग्णालयात विशेष नवजात काळजी कक्ष, म्हणजे एसएनसीयू. जिल्हा पातळीवरचा असा कक्ष देशात पहिल्यांदा पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात २००३मध्ये सुरू झाला आणि पुढे तेच प्रारूप देशभर गेलं. व्हेंटिलेटर आणि त्यापुढचे उपचार लागणारी बाळं वैद्यकीय महाविद्यालयाच्या एनआयसीयूत येतात.

या कक्षांचा उपयोग झाला आहे. नमुना नोंदणी पाहणीच्या २०२०च्या अहवालानुसार दर हजार जिवंत जन्मांमागे २८ दिवसांच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण देशात २०, तर महाराष्ट्रात ११ होतं. २०१४च्या राष्ट्रीय नवजात कृती आराखड्यानुसार २०३०पर्यंत ते एक आकडी करायचं आहे.

ज्युनियर डॉक्टर कोण असतो?

एमबीबीएस, इंटर्नशिप आणि नीट-पीजी पार करून बालरोग विभागात एमडीला प्रवेश मिळालेला डॉक्टर पहिल्या वर्षी ‘जेआर-१’ असतो. त्याच्या वर जेआर-२, जेआर-३, मग सीनियर रेसिडेंट, सहायक प्राध्यापक आणि युनिटप्रमुख अशी उतरंड असते. कागदावर प्रत्येक निर्णय वरिष्ठांचा असतो. रात्री मात्र वरचे काही जण फोनवर असतात आणि वॉर्मरजवळ जेआर असतो. बाळाचा रंग बदलला आहे का, श्वास घेताना छाती आत ओढली जाते आहे का, हे फोनवरच्या माणसाला तो सांगेल तेवढंच कळतं. त्यामुळे फोन कधी करायचा, हाच त्याचा पहिला आणि सगळ्यात अवघड निर्णय असतो. लवकर केला तर ‘एवढंही कळत नाही का’ हे ऐकण्याची भीती आणि उशीर झाला तर परिणाम बाळावर.

जिल्हा रुग्णालयांच्या एसएनसीयूत निवासी डॉक्टरांऐवजी वैद्यकीय अधिकारी असतात. माणसं वेगळी असली तरी रात्रीचं गणित फारसं बदलत नाही.

पहिल्या मिनिटात काय होतं?

लेबर रूममधून किंवा सिझेरियनच्या ओटीतून ‘कॉल’ येतो. बहुतेक बाळं जन्मताच रडतात. साधारण दहापैकी एकाला श्वास सुरू करण्यासाठी काही ना काही मदत लागते. या पहिल्या मिनिटाला नवजातशास्त्रात ‘गोल्डन मिनिट’ म्हणतात. बाळाला कोरडं करायचं, ऊब द्यायची, मान योग्य स्थितीत ठेवायची, पाठीवरून हात फिरवून चेतवायचं आणि तरीही श्वास नसेल तर ६० सेकंद संपायच्या आत मास्क लावून पिशवीने श्वास द्यायला लागायचं. वेग मिनिटाला ४० ते ६०.

हृदयाचे ठोके १००च्या खाली असतील तर श्वास देणं चालू ठेवायचं. नीट श्वास देऊनही ३० सेकंदांनंतर ठोके ६०च्या खाली राहिले तर छातीवर दाब सुरू होतो, तीन दाबांमागे एक श्वास. मोठ्या माणसाच्या सीपीआरपेक्षा हे वेगळं आहे. मोठ्यांमध्ये अनेकदा आधी हृदय बंद पडतं. नवजातात बहुतेक वेळा आधी श्वास थांबतो आणि हृदय त्यामागून मंदावतं. म्हणून इथे छाती दाबण्यापेक्षा फुप्फुसात हवा पोचणं महत्त्वाचं. नवशिक्या डॉक्टरचा हात घाबरून ऑक्सिजनच्या नळीकडे जातो. पण पूर्ण दिवसांच्या बाळासाठी सुरुवात साध्या हवेनेच करायची असते. अडचण बहुधा मास्क नीट न बसल्याची किंवा मान चुकीच्या कोनात असल्याची निघते.

हे सगळं होताना शेजारच्या टेबलावर आई जागी असते. ‘रडलं का?’ हा तिचा प्रश्न त्या खोलीत सगळ्यांना ऐकू येतो.

इतकी आकडेमोड कशासाठी?

नवजात कक्षातला मोठा धोका दशांश चिन्हात असतो. १ किलो वजनाच्या बाळाला पहिल्या दिवशी साधारण ८० मिलिलिटर द्रव द्यायचा ठरला तर सिरिंज पंपावर ताशी ३.३ मिलिलिटरचा वेग लावावा लागतो. त्यातून औषधांचं आणि नळी धुण्यासाठी वापरलेलं पाणी वजा करायचं. दुसऱ्या दिवशी वजन, सोडियम, साखर आणि लघवी पाहून सगळा हिशेब पुन्हा करायचा. कक्षात २० बाळं असतील तर असे २० हिशेब.

जेंटामायसिन या नेहमीच्या प्रतिजैविकाचंच उदाहरण घ्या. मोठ्यांसाठीच्या २ मिलिलिटरच्या ॲम्प्युलमध्ये ८० मिलिग्रॅम औषध असतं. १ किलोच्या बाळाला किलोमागे ५ मिलिग्रॅम द्यायचं असेल, तर त्यातून फक्त ०.१२५ मिलिलिटर घ्यायचं. दशांश चिन्ह एक घर सरकलं आणि १.२५ मिलिलिटर भरलं गेलं, तरी ते त्याच ॲम्प्युलमध्ये आणि त्याच छोट्या सिरिंजमध्ये सहज मावतं. मोठ्या माणसाला चुकून दहापट डोस द्यायचा तर ॲम्प्युलांचा ढीग फोडावा लागेल आणि हात आपोआप थांबेल. नवजाताच्या बाबतीत वस्तूच चूक अडवेल अशी सोय नसते. किडनी आणि श्रवणशक्तीला इजा करू शकणारं हे औषध सिस्टर आणि डॉक्टर या दोघांनी स्वतंत्र हिशेब करून पडताळल्याशिवाय देऊ नये, असा दंडक म्हणूनच असतो. गर्दीच्या रात्री सगळ्यात आधी गळते ती हीच दुहेरी तपासणी.

रक्ताचंही तसंच. बाळाच्या शरीरात किलोमागे साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे १ किलोच्या बाळाचं सगळं रक्त एका कटिंग चहाएवढं. तपासणीसाठी १ मिलिलिटर काढणं हे मोठ्या माणसाचं ५०-६० मिलिलिटर काढण्यासारखं आहे. ‘सॅम्पल गोठलं, पुन्हा पाठवा’ हा लॅबचा निरोप जेआरला म्हणूनच फार लागतो. केसाएवढ्या शिरेत सुई लावायला अर्धा तास गेलेला असतो आणि बाळाकडे द्यायला फारसं रक्त नसतं.

ऑक्सिजन जास्त दिला तर काय बिघडतं?

दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ ऑक्सिजनवर असेल तर रक्तातली पातळी साधारण ९० ते ९५ टक्क्यांत ठेवायची असते. बाहेर १०० टक्के आकडा दिसला की आपल्याला हायसं वाटतं. इथे तो धोक्याचा इशारा असतो. जास्त ऑक्सिजनमुळे डोळ्यांच्या पडद्यावरच्या अपुऱ्या रक्तवाहिन्यांची वाढ बिघडून रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, म्हणजे आरओपी, होऊ शकतो आणि बाळाची दृष्टी जाऊ शकते. म्हणजे वरचा अलार्मही खालच्या अलार्मइतकाच गंभीर. पण सेन्सर पायावरून सरकला तरी अलार्म वाजतो, बाळ हललं तरी वाजतो. रात्रभरात शेकडो वेळा वाजणाऱ्या आवाजाला कान सरावतात. खरा कोणता आणि खोटा कोणता, हे ओळखायला ताजं डोकं लागतं.

मग ड्युटी किती तासांची असते?

नियम जुना आहे. १९९२मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावी, असं म्हटलं होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या नियमावलीत ‘वाजवी’ तास आणि आठवड्याची एक सुट्टी आहे. वाजवी म्हणजे किती, हा आकडा तिथे नाही. आयोगाच्याच मानसिक आरोग्यविषयक कृती दलाने २०२४मध्ये आठवड्याला कमाल ७४ तासांची शिफारस केली. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील निवासी डॉक्टरच्या बलात्कार आणि हत्येनंतरच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने ३६ तासांच्या ड्युट्या अमानवी असल्याचं म्हटलं.

प्रत्यक्षात युनिटचा ‘इमर्जन्सी डे’ असतो. सकाळी आठला सुरू झालेली ड्युटी रात्र ओलांडून दुसऱ्या दिवशीच्या राऊंडपर्यंत जाते. राऊंडनंतर रिपोर्ट गोळा करायचे, डिस्चार्ज कार्ड लिहायची, पालकांशी बोलायचं. ३६ तासांचा आकडा असाच तयार होतो. मार्ड ही निवासी डॉक्टरांची संघटना अनेक वर्षांपासून हा मुद्दा मांडते आहे.

तास कमी केले की चुका कमी होतात?

याचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. बोस्टनच्या एका रुग्णालयातील अतिदक्षता विभागांतला अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २४ तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांकडून, छोट्या पाळ्यांच्या तुलनेत, ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्याचं दिसलं. मग २०२०मध्ये अमेरिकेतल्या सहा बाल अतिदक्षता विभागांचा अभ्यास आला आणि निकाल उलटा निघाला. लांब पाळ्या बंद केल्यावर एकूण गंभीर चुका वाढल्या. कारण शोधल्यावर कळलं की नव्या वेळापत्रकात प्रत्येक डॉक्टरमागे रुग्ण वाढले होते, सरासरी ६.७वरून ८.८. तो फरक हिशेबात धरल्यावर छोट्या पाळ्यांचा दोष उरला नाही.

आपल्याकडच्या वादाचं मर्म इथे आहे. डॉक्टर तेवढेच ठेवून फक्त वेळापत्रक कापलं, तर थकवा कमी होईल आणि प्रत्येकाच्या वाट्याची बाळं वाढतील. महाविद्यालयांत निवासी डॉक्टरांची संख्या एमडीच्या जागांवर ठरते, कक्षात किती बाळं येतात त्यावर नाही. जिल्ह्या-तालुक्यांतून पाठवलेलं बाळ नाकारता येत नाही. एका वॉर्मरवर दोन बाळं ही मोठ्या सरकारी रुग्णालयांत अनोळखी गोष्ट नाही. त्यामुळे तासांच्या आदेशासोबत पदं मंजूर होत नसतील तर तो आदेश कागदावरच राहणार, हे १९९२पासून दिसतंच आहे.

आईला आत घेतलं तर?

या कोंडीत थोडं हलकं करणारा उपाय यंत्रांचा नाही. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १ ते १.७९९ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवलं, म्हणजे कांगारू पद्धत वापरली. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू नेहमीच्या पद्धतीपेक्षा २५ टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी आईची खाट नवजात कक्षातच लागते. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय या अभ्यासात होतं. आईच्या दुधाबाबत मुंबईने आधीच वाट दाखवली होती. शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली.

आई जवळ असली की बाळाचा श्वास अडखळलेला तिला अनेकदा मॉनिटरच्या आधी कळतो. पण बहुतेक ठिकाणी सिझेरियन झालेली आई दुसऱ्या मजल्यावर असते आणि बाळाच्या मनगटावर ‘बेबी ऑफ’च्या पुढे फक्त तिचं नाव असतं. तिला बातमी देणं हेही जेआरचंच काम. बाहेर बाकावर बसलेल्या आजीला ‘गंभीर आहे’ या शब्दाचा अर्थ ‘गेलं’ असा लागू नये आणि ‘ठीक आहे’चा अर्थ ‘उद्या घरी’ असाही लागू नये, असं बोलायला कोणत्याही पाठ्यपुस्तकातून येत नाही.

पालकांनी काय पाहावं?

बाळाची माहिती देण्याची ठरलेली वेळ विचारून घ्यावी आणि घरातल्या एकाच माणसाने डॉक्टरांशी बोलावं. आत जाताना अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवावेत, कारण या बाळांना जंतुसंसर्ग फार पटकन होतो. कांगारू पद्धतीबद्दल स्वतःहून विचारावं. वडीलही बाळाला असं छातीशी धरू शकतात. बाळ २ किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं असेल तर डिस्चार्ज कार्डावर आरओपी तपासणीची तारीख आहे का, ते पाहावं. ही तपासणी जन्मापासून चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी, फारच लहान बाळांची त्याहून लवकर. तोवर बाळ घरी दूध पिऊ लागलेलं असतं, वजनही वाढत असतं आणि नेमकी हीच तारीख चुकते.