काळ्यावर काळं

चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा म्हटलं की मराठी वाचकाला ठरलेल्या गोष्टी आठवतात. गोव्यातलं साळगाव, लहानपणी आलेल्या देवी, जे.जे.तून हकालपट्टी, १९४७ सालचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप, ते नग्न आत्मचित्र आणि १९४९ मध्ये लंडनची बोट. यावर पुष्कळ लिहून झालंय, तेव्हा मी त्यात शिरत नाही. माझं जुनं वेड सूझांच्या एकाच प्रदर्शनाचं आहे. ते १९६६ साली लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत भरलं होतं. नाव ‘ब्लॅक आर्ट अँड अदर पेंटिंग्ज’. त्यातली प्रमुख चित्रं काळ्यावर काळ्या रंगाने काढलेली होती. मस्तकं, नग्नाकृती, निसर्गचित्रं, ख्रिस्ती विषय, सगळं काळं.

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये यातलं एखादं चित्र पाहिलं तर छापखान्यात शाई सांडली असावी असंच वाटतं. चित्र प्रत्यक्ष बघावं लागतं. मुंबईत एका लिलावाआधीच्या मांडणीत त्यातलं एक बघायला मिळालं. समोर उभं राहिलं तर डांबर फासलेला कॅनव्हास. दोन पावलं डावीकडे सरकलो तर कपाळ उगवलं. गुडघ्यात वाकलो तर नाकाचा उभा दांडा, त्याच्या दोन्ही बाजूंना वरखाली बसवलेले डोळे, हनुवटीखाली आडव्या फटकाऱ्यांची जाळी. रंगाचा लेप इतका जाड की त्याच्या कडांवर दिव्याचा उजेड अडकत होता. गालाचे फटकारे उभे, मानेचे आडवे, पार्श्वभूमीचे तिरके. कुंचला कुठल्या दिशेने फिरलाय, एवढ्यावरच आकार वेगळे होत होते. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ ‘यात काय आहे?’ म्हणाले आणि पुढच्या रंगीत चित्राकडे गेले. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. ते समोरून बघत होते, एवढंच.

मी भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा. अजिंठ्याची लेणी आमच्या शेजारची, म्हणून उजेडाला वळवून चित्र बघण्याचं मला नवल नाही. विजेचे दिवे येण्याआधी लेण्यांबाहेर आरसे किंवा पांढरं कापड धरून ऊन आत फिरवत आणि तेवढ्या उजेडात भिंतीवरचे चेहरे बघत. ज्या जे.जे.ने सूझांना बाहेर काढलं, तिथलेच विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली १८७२ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या नकला करत होते. असो, हे विषयांतर झालं.

मूळ प्रश्न असा, की काळाच का?

एक धागा गॅलरी वनपाशी जातो. व्हिक्टर मस्ग्रेव्ह नावाच्या कवीने चालवलेलं हे लंडनमधलं छोटं दालन. १९५५ मध्ये त्याने सूझांचं प्रदर्शन भरवलं आणि चित्रं हातोहात खपली. त्याच वर्षी स्टीफन स्पेंडरच्या ‘एन्काउंटर’ मासिकात सूझांचा ‘निर्वाणा ऑफ अ मॅगट’ हा आत्मचरित्रात्मक लेख आला आणि कालपर्यंत उपाशी फिरणारा गोवेकर नावारूपाला आला. पुढे १९५७ च्या जूनमध्ये मस्ग्रेव्हने त्याच भिंतींवर ईव्ह क्लाइन या फ्रेंच तरुणाचे एकरंगी फलक टांगले. आकृती नाही, रेषा नाही, नुसता रंग. त्यावर जाहीर सभेत खडाजंगी झाली. मस्ग्रेव्हचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, पण सूझा आणि क्लाइन हे दोघं एकाच छपराखाली आले ते या माणसामुळे. एकरंगी चित्राची चर्चा सूझांच्या दारातच चालली होती. न्यूयॉर्कमध्ये ॲड राइनहार्टही साठच्या दशकात काळे चौरस रंगवत होता. फरक असा, की या दोघांनी आकृतीला रजा दिली. सूझांनी आकृती ठेवली आणि ती दिसणं मात्र अवघड करून टाकलं.

दुसरा धागा घनवादाचा. पिकासोने १९०७ मध्ये पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले, आणि पुढच्या काही वर्षांत त्याने आणि ब्राकने चेहऱ्याचे पैलू पाडताना रंग जवळजवळ सोडूनच दिला. तपकिरी, करडा, बस्स. घाट मोडून दाखवायचा तर रंगाची लुडबुड नको, असा तो हिशेब. सूझांची मस्तकं याच घराण्यातली. डोळे कपाळात, दात करवतीसारखे, गळ्यात बाण. १९६४-६५ ची काळी चित्रं म्हणजे हा हिशेब टोकाला नेणं.

तिसरा धागा राजकारणाचा, आणि समीक्षकांचा भांडणाचा मुद्दा हाच. १९६२ च्या कायद्याने ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या स्थलांतरितांसाठी दार अर्धं लोटून घेतलं. १९६४ च्या निवडणुकीत स्मेदिक मतदारसंघात उघड वर्णद्वेषी घोषणांवर जागा जिंकली गेली. आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते. अशा वेळी लंडनमधला सावळा चित्रकार प्रदर्शनाला ‘ब्लॅक आर्ट’ नाव देतो, ते काय उगाच? एका बाजूचं म्हणणं, हा कातडीच्या रंगाचा जाहीरनामा आहे. दुसरी बाजू गोया, रेम्ब्रांट आणि पाद्र्यांचे काळे झगे दाखवते. नावातला खोडसाळपणा सूझांच्या स्वभावाला धरूनच होता, आणि राजकीय वाचन खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या वाचनात चित्र बघायचंच राहून जातं.

मला दिसतं ते असं. सूझांचं हुकमी हत्यार होतं जाड काळी रेघ. फ्रेंच चित्रकार रूओकडून, चर्चच्या रंगीत काचांमधल्या शिशाच्या पट्ट्यांकडून, कुठूनही आली असो, ती रेघ बघितली की सही बघायची गरज पडत नाही. टेटच्या संग्रहातलं १९५९ चं ‘क्रुसिफिक्शन’ त्या रेघेवरच उभं आहे. नाव आणि पैसा दिला तोही तिनेच. चाळिशीत या माणसाने पार्श्वभूमीच काळी केली, म्हणजे रेघ गिळून टाकली. तेव्हा हाताशी उरला तो फक्त रंगाचा लेप, चकाकी आणि कुंचल्याची दिशा. खपणाऱ्या चित्रकाराने आपलं खपणारं हत्यार असं मोडल्याची उदाहरणं आपल्या कलाइतिहासात फार नाहीत. याला कुणी चूष म्हणालं, तर ‘चूष करणारा सोपा रस्ता धरतो,’ एवढंच माझं उत्तर.

प्रदर्शनानंतर वर्षभरात सूझा न्यूयॉर्कला गेले. काळी मालिका मागे पडली, आणि पुढच्या चित्रांत रंग भडक होत गेले. त्यातल्या बऱ्याच चित्रांत मला उतारच दिसतो. बाजाराने मान दिला तो पन्नासच्या दशकातल्या कामाला. १९५५ चं ‘बर्थ’ २०१५ मध्ये ४० लाख डॉलरच्या वर गेलं. सूझा २८ मार्च २००२ रोजी मुंबईत वारले आणि शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना पुरलं.

संग्रहालयं आणि दालनं चालवणाऱ्यांना एकच विनंती. ही चित्रं टांगाल तेव्हा समोरचा दिवा बंद ठेवा, एका बाजूने उजेड सोडा आणि बघणाऱ्याला पुढेमागे सरकायला जागा द्या.